हाडाच्या खाली, दहा मिनिटे

मे महिना, विदर्भातले एखादे गाव, रात्रीचे अडीच. वीज गेल्यामुळे कुलर बंद पडलेला. सहा वर्षांचा मुलगा झोपेतून उठून बसतो आणि म्हणतो, "आई, नाकातून पाणी येतंय." मोबाइलचा दिवा लावला की दिसते, उशीचा अभ्रा लाल झाला आहे. पुढची पाच मिनिटे महाराष्ट्रातल्या हजारो घरांत जवळपास सारखीच जातात. वडील हनुवटीला धरून मुलाची मान मागे करतात. आई त्याला मोरीत नेऊन टाळूवर गार पाण्याचा तांब्या ओतते. आजी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरते. काकू विचारते, आज याने आंबे किती खाल्ले? चार माणसे चार कामांत गुंतलेली असतात आणि ज्या नाकातून रक्त वाहते आहे त्या नाकाला कोणीही हात लावलेला नसतो.

त्या पाच मिनिटांत पालकांचे हात कुठे असावेत, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे. स्मृती व्याख्यानासाठी तो लहान वाटेल. पण दर दहा माणसांपैकी साधारण सहांना आयुष्यात एकदा तरी नाकातून रक्त येते, आणि दोन ते दहा वर्षांच्या मुलांत तर ही घरगुती म्हणावी इतकी नित्याची गोष्ट आहे. जी वेळ बहुतेक घरांवर येणारच आहे, तिच्यासाठी घर तयार नसते. पालकांची माया तोकडी पडते म्हणून हे होत नाही. उलट, माया आणि भीती दोन्ही एकाच वेळी धावत येतात आणि हात चुकीच्या जागी जातात.

भीतीचा थोडा वाटा मराठी भाषेकडेही जातो. या प्रकाराला आपण घोळणा फुटणे म्हणतो, कुठे कुठे घुळणा म्हणतात. फुटते ती घागर, फुटतो तो बांध, फुटते ते धरण. 'फुटणे' हे क्रियापद कानावर पडले की डोक्याच्या आत काहीतरी मोठे फाटले, असे चित्र पालकांच्या मनात उभे राहते. प्रत्यक्षात फाटलेली असते ती केसासारखी बारीक रक्तवाहिनी, आणि तीही डोक्यात खोल कुठे नसते. मुलाने बोट घातले तर सहज पोहोचेल इतकी ती जवळ असते.

ही जागा वैद्यकाला नेमकी कळली एकोणिसाव्या शतकात. न्यूयॉर्कचे शल्यविशारद जेम्स लॉरेन्स लिटल यांनी 1879 मध्ये आणि जर्मनीतल्या एर्लांगेनचे विल्हेल्म किसेलबाख यांनी 1884 मध्ये एकाच ठिकाणाकडे लक्ष वेधले: दोन्ही नाकपुड्यांच्या मधला जो पडदा, त्याचा पुढचा, खालचा भाग. चार-पाच वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या धमन्यांच्या फांद्या तिथे एकमेकींत मिसळतात. बाहेरची हवा फुप्फुसांत जाण्याआधी ऊबदार आणि ओलसर करण्याचे काम नाकाकडे आहे, म्हणून तिथे रक्तपुरवठा भरपूर. पण त्या वाहिन्यांवरचे अस्तर अगदी पातळ, आणि खाली थेट कूर्चा. वैद्यकाचे विद्यार्थी आजही या जागेला लिटल्स एरिया म्हणतात. मुलांत नाकातून येणारे रक्त दहापैकी नऊपेक्षा अधिक वेळा इथूनच येते, आणि ही जागा बाहेरून दोन बोटांत धरता येते. शरीरात रक्तस्रावाच्या इतक्या सोयीच्या जागा फार थोड्या आहेत.

मग मान मागे करण्याची सवय आली कुठून? ती उपजत आहे. भांड्यातून काही सांडू लागले की आपण भांडे उलट बाजूला कलंडवतो, तसेच हे. मान मागे गेली की रक्त दिसेनासे होते, कपड्यांवर पडत नाही, आणि सगळ्यांना हायसे वाटते. रक्त मात्र थांबलेले नसते. नाकाच्या मागच्या बाजूने ते घशात उतरत असते आणि मूल ते गिळत असते. पोटाला रक्त सोसत नाही. अर्ध्या तासात मुलाला मळमळते आणि भडाभडा उलटी होते, तीही काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखी. आता घरात खरा आकांत होतो, कारण 'नाकातून येत होते, ते आता पोटातून आले.' रात्री तीन वाजता रिक्षा शोधून तालुक्याच्या दवाखान्यात आणलेल्या कित्येक मुलांची गोष्ट इतकीच असते. दुसऱ्या दिवशी शौचाला काळे झाले की पुन्हा तीच धावपळ. मान पुढे ठेवली असती तर यातले काहीच झाले नसते.

आडवे झोपवणे त्याहून वाईट. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इतिहासातले आहे. युरोपला हादरवून सोडणारा हूणांचा राजा अट्टिला इ.स. 453 मध्ये आपल्या लग्नाच्या रात्री मरण पावला. इतिहासकार जॉर्डानिस याने, समकालीन प्रिस्कसच्या आधाराने, लिहून ठेवले आहे की मद्यपान करून उताणा झोपलेल्या अट्टिलाच्या नाकातून रक्त सुरू झाले, ते बाहेर येण्याऐवजी घशात गेले आणि त्याचा श्वास कोंडला. मरणाच्या इतर कथाही सांगितल्या जातात, त्यामुळे ती रात्र खरोखर कशी गेली याची कोणी खात्री देऊ नये. पण उताण्या माणसाच्या नाकातले रक्त कोणत्या वाटेने जाते, हे पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने अचूक ओळखले होते.

आता नाक धरण्याविषयी. हा उपाय जुनाच आहे, नाकपुड्या दाबण्याचे श्रेय हिपोक्रेटिसपर्यंत नेले जाते. पण कुठे धरायचे, या प्रश्नावर सुशिक्षित माणसेही अडखळतात. अनेक पालकांना 'नाक दाबा' एवढे ऐकून माहीत असते आणि ते चष्मा टेकतो तिथे, हाडावर, दाबतात. हाड दाबले जात नाही, आणि रक्त येणारी जागा त्याच्या बरीच खाली असते. तिथे तासभर दाबून धरले तरी बोटांखाली काहीच बंद होत नाही.

हे अज्ञान फक्त आपल्याकडचे नाही. ब्रिटनमध्ये 1993 साली इस्पितळांच्या आपत्कालीन विभागांतल्या कर्मचाऱ्यांचेच ज्ञान तपासले गेले, आणि तिथेही बोटे नेमकी कुठे ठेवायची, मान कशी ठेवायची याबाबत गोंधळ आढळला. पाच वर्षांनी तिथल्याच एका वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर जो निबंध आला, त्याच्या शीर्षकातच 'सर्वदूर पसरलेले अज्ञान' असे शब्द होते. त्यानंतर निरनिराळ्या देशांत पालकांना आणि शिक्षकांना हेच प्रश्न विचारले गेले, आणि त्याच दोन चुका वर आल्या: मान मागे, आणि बोटे हाडावर. लंडनचे आई-बाप आणि लातूरचे आई-बाप या बाबतीत एकाच इयत्तेत बसतात.

बरोबर कृती अशी. मुलाला बसवायचे, शक्यतो मांडीवर किंवा पाटावर, आणि किंचित पुढे वाकवायचे. समोर परात, टोपले, जे हाताशी असेल ते. भारतातल्या कान-नाक-घशाच्या पाठ्यपुस्तकांत बसण्याची ही रीत लंडनचे शल्यचिकित्सक विल्फ्रेड ट्रॉटर यांच्या नावाने शिकवतात. मग आपले बोट मुलाच्या नाकाच्या हाडावर ठेवून खाली घसरवत आणायचे. हाड संपून नाक जिथे मऊ लागते, तिथून शेंड्यापर्यंतचा सगळा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा, दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद होतील असा. रक्त एकाच बाजूने येत असले तरी दोन्ही बाजू धरायच्या. तोंड उघडे ठेवून तोंडाने श्वास घ्यायला सांगायचे, आणि घशात आलेले गिळू द्यायचे नाही, थुंकायला लावायचे.

आणि धरून ठेवायचे. इथे गाडी अडते.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना पाच मिनिटे किंवा अधिक सांगतात, ब्रिटनमधली सार्वजनिक आरोग्यसेवा दहा ते पंधरा. घरासाठी दहा हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आणि सुरक्षित. पण घाबरलेल्या आईची दहा मिनिटे घड्याळात दोन भरतात. मधेच 'बघू, थांबलं का' म्हणून चिमटी सोडली जाते, धरू लागलेली गुठळी सुटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. असे पुन्हापुन्हा झाले की पालक म्हणतात, आम्ही अर्धा तास धरले, थांबलेच नाही. त्यांनी अर्धा तास धरलेले असते हे खरे, पण सलग तीन मिनिटेही नाही. म्हणून कोणीतरी घड्याळ पाहायचे किंवा मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावायचा. तो वाजेपर्यंत चिमटी सोडायची नाही.

चार वर्षांचे मूल दहा मिनिटे नाक धरू देईल का, हा प्रश्न रास्त आहे. नाक बंद झाले की मुलांना कोंडल्यासारखे होते, ती हात झटकतात, रडतात, आणि रडण्याने रक्ताचा जोर वाढतो. मूल मांडीवर घ्यावे, त्याची पाठ आपल्या छातीला लागलेली, दोघांचीही मान पुढे. एक हात चिमटीला, दुसरा त्याच्या कपाळाला. आणि गोष्ट सांगावी, कोणतीही, आवाज न चढवता. आजीच्या हातातला कांदा खाली ठेवून तिच्याकडे ही गोष्ट सोपवली तर घरात तिच्याइतके चांगले हे काम कोणी करणार नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःचे नाक स्वतः धरायला शिकवता येते. शाळेत, क्रीडांगणावर त्याला तेच उपयोगी पडते.

कांद्याबद्दल न्यायाने बोलायला हवे. चरकसंहितेत रक्तपित्ताचा, म्हणजे रक्त वाहण्याच्या विकाराचा, सविस्तर विचार आहे, आणि नाकावाटे जाणाऱ्या रक्तासाठी दूर्वांचा रस, द्राक्षांचा रस, डाळिंबाच्या फुलांचा रस आणि कांदाही नस्यासाठी, म्हणजे नाकात सोडण्यासाठी, सांगितला आहे. म्हणजे आजीच्या हातात कांदा आला तो मोठ्या परंपरेतून आला. पण नस्य हा वैद्याने रोग्याची प्रकृती पाहून करायचा उपचार, आणि फोडलेला कांदा हुंगवणे हे त्याचे घराघरांत उरलेले सावट. कांद्याच्या वासाने मुलाला शिंका येतात, आणि शिंकेने गुठळी उडते. डोक्यावर पाणी ओतल्याने मूल दचकते, अंग आखडते, खाली वाकण्याऐवजी वर पाहते. मानेवर बर्फ ठेवून खरेच काही फरक पडतो का, हेही तपासून पाहिले गेले आहे आणि ठोस लाभ दिसलेला नाही. तोंडात बर्फाचा खडा चोखायला दिला तर थोडी मदत होऊ शकते, शिवाय मूल गप्प बसते. बर्फ चिमटीच्या जोडीला चालेल, चिमटीऐवजी चालणार नाही. सब्जा, वाळ्याचे सरबत, धन्या-जिऱ्याचे पाणी दुसऱ्या दिवशी खुशाल द्यावे, उन्हाळ्यात पोटात पाणी जाणे चांगलेच.

नाकात कापसाचा बोळा कोंबणे मात्र घरी नको. तो काढताना खपली सोबत घेऊन येतो.

पालकांना एक हिशोब माहीत असला तर निम्मी भीती कमी होईल. मुलाच्या शरीरात वजनाच्या दर किलोला साधारण 75 मिलिलिटर रक्त असते. पंधरा किलोच्या मुलात एक लिटरहून थोडे अधिक. चहाचा एक चमचा म्हणजे 5 मिलिलिटर. पांढऱ्या अभ्र्यावर किंवा शाळेच्या सदऱ्यावर तीन-चार चमचे रक्त पसरले की ते भयानक दिसते, आणि पाणी मिसळलेल्या मोरीत तर वाटीभर वाटते. शरीराच्या दृष्टीने तो तोटा लहान असतो.

रक्त थांबल्यानंतर घरात चौकशी सुरू होते, आणि आंबा, अंडी, गूळ, 'उष्णता' असे आरोपी पकडले जातात. यात तथ्याचा अंश आहे, पण तो पोटातल्या उष्णतेचा नसून बाहेरच्या हवेचा आहे. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा दिवसांत हवा इतकी कोरडी असते की नाकातले अस्तर सुकून तडकते. थंडीतही हवा कोरडी होते आणि सोबत सर्दी येते. सुकलेल्या अस्तरावर मेकूड धरते, ते टोचते, मूल बोट घालून ते काढते, खपली निघते, रक्त येते. नव्या खपलीला खाज सुटते आणि बोट पुन्हा आत जाते. बहुतेक मुलांच्या 'वारंवार घोळणा फुटण्या'चे हे सरळ कारण. धुळीच्या ॲलर्जीने सतत नाक चोळणाऱ्या मुलांत ते आणखी दिसते. मुलाला रागावून उपयोग नाही, झोपेतही बोट जातेच. नखे कापावीत. झोपताना नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागाला बोटाच्या टोकाने पेट्रोलियम जेली हलकेच लावावी. तान्ह्या किंवा लहान मुलाला उताणे झोपवून नाकात तेला-तुपाचे थेंब सोडण्याची रीत मात्र टाळावी. तेलकट थेंब फुप्फुसात उतरल्याने होणारा न्यूमोनिया वैद्यकाला चांगला माहीत आहे.

एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित, घाण वासाचा शेंबूड येत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असे धरून चालावे: हरभरा, चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा. घरी चिमटा घालून काढू नये. खेळण्यातला किंवा घड्याळातला बटणासारखा सेल नाकात गेल्याची शंका जरी आली तरी सकाळची वाट पाहू नये. तो काही तासांत पडदा जाळून भोक पाडू शकतो.

बाकीच्या धोक्याच्या खुणा पालकांनी पाठ कराव्यात इतक्या मोजक्या आहेत. दहा मिनिटांच्या दोन सलग चिमट्यांनंतरही रक्त थांबत नसेल, मूल पांढरेफटक किंवा सुस्त झाले असेल, डोक्याला मार लागून नाकातून रक्त आले असेल, तर थेट इस्पितळ. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकातून रक्त येणे मुळातच विरळ, म्हणून ते थांबले तरी डॉक्टरांना दाखवावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर तापासोबत रक्त आले तर डेंग्यूची तपासणी हवी, आणि तापासाठी घरातली ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी देऊ नये. अंगावर मार न लागता निळे डाग किंवा बारीक लाल ठिपके दिसत असतील तर रक्तचाचणी लगेच. किशोरवयीन मुलाला एकाच बाजूने वारंवार, जोरात रक्त येते आणि ती नाकपुडी बंदही राहते, असे असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेण्यात दिरंगाई नको.

आणि एक खूण घराण्यात शोधायची असते. 1924 मध्ये फिनलंडच्या ओलांड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला एरिक फॉन विलेब्रांड या वैद्याकडे आणली गेली. तिच्या नाकातून वरचेवर रक्त यायचे. तिसऱ्या वर्षी ओठाला झालेली जखम तिच्या जिवावर बेतली होती. विलेब्रांड यांनी केवळ तिला तपासून सोडले नाही, तिच्या नात्यागोत्यातल्या माणसांची माहिती गोळा केली. 66 जणांपैकी 23 जणांना रक्त न थांबण्याचा त्रास होता, आणि त्यात स्त्रियाही होत्या. तोवर माहीत असलेला हिमोफिलिया मुख्यतः पुरुषांचा, म्हणून हा आजार वेगळा, असे त्यांनी 1926 मध्ये मांडले. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, नुकतीच पाळी सुरू झाली असताना, रक्तस्रावाने गेली. आनुवंशिक रक्तस्रावी आजारांत आज सर्वांत अधिक आढळणारा आजार विलेब्रांड यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून ज्या मुलाचे रक्त लवकर थांबत नाही, त्याच्या डॉक्टरांना आईने न लाजता सांगावे की तिला पाळीत फार रक्त जाते, मावशीचा दात काढल्यावर रक्त दोन दिवस थांबले नव्हते. घरात बायकांपुरती राहिलेली ही माहिती निदानाची पहिली पायरी ठरू शकते.

हे सगळे शिकवायचे कुठे? 1870च्या दशकात मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांनी प्रसूती आणि विवाहजीवन या विषयांवर मराठीतून पुस्तके लिहिली.  ज्यांच्यावर वेळ येते त्यांच्याच भाषेत वैद्यक सांगायचे, हा आग्रह तेव्हापासूनचा आहे आणि आज तो पातळ झाला आहे. प्रथमोपचाराच्या पत्रकांवर 'नासिकेच्या मृदू भागावर संततदाब द्यावा' असे छापलेले असते. ज्या आईला रात्री अडीच वाजता ते आठवायला हवे, तिला 'हाडाच्या खाली चिमटीत धर, दहा मिनिटं सोडू नको' असे सांगायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधूनच झाली. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला जातात, आणि त्या दिवशी बरेच पालक दारात उभे असतात. पालकसभेतही असतात. तिथे पत्रक वाटण्याऐवजी प्रत्येकाकडून स्वतःच्या नाकावर ही चिमटी करून घेतली तर पाच मिनिटे लागतील. आजींना मुद्दाम बोलवावे, कारण घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि एकदा त्यांना पटले की पुढच्या दोन पिढ्यांपर्यंत त्या तेच पोहोचवतील.

म्हणून या व्याख्यानाच्या ठरलेल्या वेळातली शेवटची दहा मिनिटे राखून ठेवली आहेत. सभागृहातल्या प्रत्येकाने तर्जनी नाकाच्या हाडावर ठेवावी, सावकाश खाली आणावी, मऊ लागले की थांबावे, अंगठा पलीकडून लावावा, मान थोडी पुढे घ्यावी. भिंतीवरचे घड्याळ सर्वांना दिसते आहे. प्रश्न चिमटी सोडल्यावर विचारावेत.